उशाला दगड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शीव म्हणजे वेस. मुंबईच्या शीवचं इंग्रजीत सायन झालं आणि रेल्वेच्या पाट्यांमुळे तेच तोंडी बसलं. पण मूळ शब्दात जागेची सगळी हकीकत आहे. इंग्रजांचा मुलूख इथं संपायचा आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. त्या हद्दीवर नजर ठेवायला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर छोटा किल्ला बांधला. तो अजून आहे. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कॉलेजातली पोरं तिथं घसरतात.

आमच्या कोकणात वेशीवर दगड असतो. शेंदूर फासलेला, बिनडोळ्यांचा. गावात हिंदू असोत की आमच्यासारखे मुसलमान, वेशीबाहेर रात्री झोपू नये हे सगळ्यांच्याच घरांत सांगितलं जायचं. मुंबईच्या या वेशीवर, शीव आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात, १९८५ ते १९८७ या काळात उघड्यावर झोपलेल्या बारा माणसांना कुणीतरी दगडानं ठेचून मारलं. कुणी मारलं, कशासाठी मारलं, हे आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मी तिथंच, शीव कोळीवाड्याच्या बाजूला एका चाळीत राहत होतो. माझा जन्म १९६८चा, म्हणजे सतरा ते एकोणीस हे माझं वय होतं. मला आज मारणाऱ्याबद्दल फारसं बोलायचं नाही. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं कुणाकडेच काही नाही. आम्ही त्या दिवसांत काय बोलत होतो आणि पुढं ते कसं आठवत राहिलो, हे सांगायचं आहे.

जे नक्की आहे ते थोडकं आहे. मरणारा प्रत्येक जण एकटा झोपलेला असायचा, तोही दिवे कमी असलेल्या जागी. डोक्यावर एकच मोठा दगड घातलेला असायचा. काही दगड तीस किलोपर्यंत वजनाचे होते. बहुतेकांची ओळख पटली नाही. ओळखायला येणारं कुणी नव्हतं. हे सगळं एकाच हाताचं काम असावं, हे पोलिसांच्या ध्यानात आलं ते सहावा माणूस मेल्यानंतर. हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात घोळवलं आहे. याचा अर्थ, पहिले पाच जण मेले तेव्हा ते कशाचाही भाग नव्हते. फुटपाथवर एक माणूस मेला, पंचनामा झाला, बेवारस म्हणून नोंद झाली, संपलं. सहाव्यानं त्यांना एका यादीत आणून बसवलं.

एक माणूस वाचला. तो हॉटेलातला वेटर होता. घाव बसला, पण तो उठून पळाला. अंधारात त्याला मारणाऱ्याचा चेहरा मात्र दिसला नाही. साऱ्या प्रकरणातला हा एकमेव साक्षीदार, आणि त्यानं पाहिलं ते काहीच नाही. पुढं हे प्रकार थांबले. कुणी पकडलं गेलं म्हणून नव्हे, आपोआप थांबले.

आता नावाची गोष्ट. मला विचाराल तर मी शपथेवर सांगेन की आमच्या चाळीत तेव्हा सगळे त्याला 'स्टोनमॅन' म्हणत. माझ्या कानात तो शब्द आमच्या शेजारच्या तामिळ मावशींच्या आवाजात आहे. पण हे खरं असू शकत नाही. हे नाव कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी दिलं, १९८९मध्ये. त्या वर्षी जूनपासून पुढच्या सहा महिन्यांत कलकत्त्यात हावडा पुलाच्या आसपास तेरा माणसं अशीच मेली, तीही रस्त्यावर झोपणारी. तिथंही उलगडा झाला नाही. तिथला आणि इथला माणूस एकच होता की नाही, हेही ठरलं नाही. कलकत्त्याचं ते नाव मग मागं चालत आलं आणि आमच्या मुंबईच्या आठवणीत जाऊन बसलं. मावशींच्या तोंडी मीच ते घातलं असणार. आम्ही खरं तर 'पत्थरवाला' म्हणायचो. हेही मला मामूनं आठवण करून दिली तेव्हा आठवलं.

इतिहास लिहिणाऱ्याला कागद लागतो. गल्लीला कागद लागत नाही, तिला नाव लागतं. नाव मिळालं की बाकीचं ती स्वतः भरते. आणि आमच्या गल्लीकडे एक नाव आधीपासून तयार होतं: रामन राघव.

१९६५-६६ साली पूर्व उपनगरांत रेल्वेच्या रुळांलगतच्या झोपड्यांतून रात्री हल्ले झाले होते. १९६८मध्ये ते पुन्हा सुरू झाले, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. २७ ऑगस्ट १९६८ रोजी अ‍ॅलेक्स फियालो या फौजदारानं रामन राघवला ओळखून पकडलं. त्याला फाशीची शिक्षा झाली होती, पण मनोविकारतज्ज्ञांनी तपासल्यावर तो बरा न होणारा मनोरुग्ण ठरला आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. म्हणजे शीवमध्ये दगड पडत होते तेव्हा तो गजांआड होता. पण आमच्या गल्लीत तो सुटला होता. तुरुंगाची भिंत त्यानं मांजर होऊन ओलांडली होती. अम्मी हे अगदी सहज सांगायची, कारण १९६८ साली मी तान्हा असताना हीच मांजराची गोष्ट तिनं ऐकली होती. तेव्हाही लोक ऑगस्टच्या उकाड्यात दारं-खिडक्या लावून झोपले होते आणि अम्मी मला पदराखाली घेऊन रात्रभर बसली होती. वीस वर्षं ती भीती तिनं कापूर घालून ठेवलेल्या शालीसारखी जपली होती. नवीन थंडी आली, तिनं शाल काढली.

अफवा बऱ्याच होत्या. कुठल्याशा पुलाचा पाया धरत नाही म्हणून कंत्राटदाराला मुंडकी हवी आहेत, ही सर्वांत जुनी. ती माझ्या आजोबांनी दुसऱ्याच कुठल्या पुलाबद्दल ऐकलेली होती. मटक्याचा आकडा काढण्यासाठी कुणी तांत्रिक बळी देतो, ही दुसरी. ज्यांचे पैसे मटक्यात गेले होते त्यांना ती पटकन पटली. तीस किलोचा दगड डोक्यावर उचलायला ताकद लागते, तेव्हा तो आखाड्यातला पैलवान असला पाहिजे, असं एक तर्कशुद्ध अनुमान आमच्या मजल्यावरच्या मास्तरांनी काढलं. त्याचा परिणाम असा झाला की कोपऱ्यावरच्या तालमीतली चार पोरं आठवडाभर संध्याकाळी बाहेर पडली नाहीत. एकानं तर मिशी काढली.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती, पुढं आली. आमची वस्ती पंचरंगी होती. फाळणीनंतर आलेले पंजाबी, मद्रासकडचे, घाटावरचे, आम्ही कोकणी मुसलमान, मूळचे कोळी. माझे दोन हिंदू मित्र होते, त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. तिथं पत्थरवाला हा हिरव्या कफनीतला फकीर होता, हातात लोबानाचं भांडं. आमच्या घरी तो भगव्या वस्त्रातला, अंगाला राख फासलेला अघोरी होता. बाकी तपशील तोच. रात्री दोन-अडीचची वेळ तीच, अनवाणी पाय तेच, मागं वळून न पाहणं तेच. मी ही गोष्ट दोन्ही घरांत ऐकत होतो आणि दोन्ही ठिकाणी मान डोलावत होतो. मित्राच्या आईनं फकिराची गोष्ट सांगता सांगता मला पोहे वाढले होते. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

आता मामूबद्दल. माझा मामू, अम्मीचा धाकटा भाऊ, किंग्ज सर्कलजवळच्या एका हॉटेलात वेटर होता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं असल्यामुळे तो रात्री तिथंच झोपायचा. तिथंच म्हणजे हॉटेलाबाहेर, फुटपाथवर. शटर अर्धं खाली आलं की पोरं खुर्च्या टेबलांवर उलट्या घालत, फरशी धुवत, आणि मग गुंडाळलेल्या वळकट्या घेऊन बाहेर येत. आत उकाडा, झुरळं आणि खरकट्याचा वास. बाहेर निदान वारा. वाचलेला माणूस वेटर आहे ही बातमी पसरली त्या दिवसापासून शीव-माटुंग्याच्या प्रत्येक हॉटेलातला प्रत्येक वेटर तो वाचलेला माणूस झाला. मामूच्या कपाळावर लहानपणी फणसाच्या झाडावरून पडल्याची खूण होती, त्यामुळे त्याचा दावा फारच बळकट ठरला. गिऱ्हाईकं त्याला हळूच विचारत. तो नाही म्हणायचा, पण अशा बेतानं की लोक जास्त टिप ठेवून जात.

गंमत इथंच संपते. मालकानं पोरांना आत झोपायची परवानगी दिली, टेबलं जोडून. ज्यांना मालक होता ते आत गेले. ज्यांना कुणीच नव्हतं ते बाहेर राहिले, आणि आता त्यांच्या आजूबाजूला दुसरं कुणी झोपत नसल्यामुळे ते पहिल्यापेक्षा जास्त एकटे पडले.

हे ज्या वर्षी सुरू झालं त्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दलचा आपला प्रसिद्ध निकाल दिला होता. १९८१ साली मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली, त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर काहीजण न्यायालयात गेले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. आणि असंही म्हटलं, की फुटपाथ चालण्यासाठी आहे, रीतसर नोटीस देऊन या लोकांना उठवता येईल; फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेनं भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. त्या अहवालाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो, 'आम्ही, न दिसणारे'. कायद्याच्या पुस्तकात फुटपाथवरच्या माणसाला जगण्याचा हक्क मिळाला त्या वर्षी शीवमध्ये त्याच माणसाचं डोकं ठेचलं जात होतं. यात कार्यकारणभाव काही नाही. मला फक्त दोन्ही तारखा शेजारी ठेवायच्या होत्या, कारण आमच्या गल्लीत त्यातली एकच कुणाला ठाऊक होती.

मग गस्त सुरू झाली. हे १९८७च्या सुरुवातीचे दिवस. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. रात्री अकरा ते चार, प्रत्येक मजल्यावरून एक माणूस. काठ्या, दोन हॉकी स्टिक, एक शिट्टी आणि आमच्या घरची तीन सेलांची बॅटरी. बॅटरी आमची म्हणून मी. त्या रात्री आम्ही नऊ-दहाजण असू. कोळीवाड्याकडून वळून एका लांबलचक भिंतीच्या कडेनं चाललो होतो. तिथले दिवे नेहमीच गेलेले असत. भिंतीच्या तळाशी काहीतरी हललं. मी बॅटरी मारली.

एक म्हातारा उठून बसला. दाढी वाढलेली, अंगावर फाटकं पोतं. आणि त्याच्या शेजारी दगड. चांगला दोन हातांनी उचलावा असा, वरून सपाट.

"पत्थर! पत्थर है उसके पास!" असं कुणीतरी ओरडलं. पुढचं फार भराभर झालं. कुणीतरी नाव विचारलं, तो काहीतरी बोलला. ती भाषा आम्हां दहाजणांपैकी एकालाही कळली नाही. ते पुरेसं ठरलं. पहिली काठी कुणाची हे मला माहीत आहे, पण ते सांगण्यात आता अर्थ नाही. मी मारलं नाही. मी उजेड धरून होतो. माझ्या उजेडाशिवाय त्या अंधारात कुणाला काही दिसलं नसतं.

मधेच एकदा, काठ्या थांबल्या होत्या तेव्हा, म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे एकावर एक जोडले आणि गालाखाली धरले. मान कलती केली. मग दगडाकडे बोट दाखवलं. लहान मूलसुद्धा ओळखेल अशी ती खूण होती. तो दगड त्याची उशी होती.

मला ती खूण कळली. इतरांना कळली की नाही, मी कधी विचारलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं ते त्या क्षणी. मी बॅटरी विझवली. उजेड गेल्यावर लोक हळूहळू मागं सरले, कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी पोलिसांना कळवू म्हणालं, कुणी कळवलं नाही. सकाळी मी कॉलेजला जाताना त्या बाजूनं गेलो. म्हातारा नव्हता. पोतंही नव्हतं. दगड होता. पुढं कित्येक महिने तो तिथं होता; मग एक भाजीवाला उतारावर हातगाडी थांबवायला चाकाखाली तो लावायला लागला.

पोलिसांच्या यादीतल्या बारांत तो म्हातारा नाही. असायचं कारणही नाही, त्याला पत्थरवाल्यानं मारलेलं नव्हतं.

या रात्रीबद्दल गेल्या काही वर्षांत मी तेव्हाच्या दोन-तीन सोबत्यांना विचारलं. एकाला आठवतं की आम्ही खऱ्या पत्थरवाल्याला घेरलं होतं आणि तो भिंत चढून पळाला. दुसऱ्याच्या सांगण्यात तर मुसळधार पाऊस आणि पोलिसांची जीप आहे. हे कुठून आलं याचा मी बराच विचार केला. २००९मध्ये या खुनांवर 'द स्टोनमॅन मर्डर्स' हा हिंदी चित्रपट आला, के के मेनन होते त्यात. तेव्हापासून आमच्या भागात कुणालाही त्या दिवसांबद्दल विचारलं की थोडं आयुष्य आणि थोडा सिनेमा असं मिसळून बाहेर येतं. त्यांना दोष का द्यावा? तामिळ मावशींच्या तोंडी 'स्टोनमॅन' घालणारा मी, मी कुणाला हसणार? एवढंच, की ज्या आठवणीत आपण मारणाऱ्याला जवळजवळ पकडलेलं असतं ती सांभाळणं सोपं जातं.

गस्तीच्या काठ्या त्यानंतर घरोघरी दारामागं उभ्या राहिल्या. १९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत त्या पुन्हा बाहेर आल्या. त्या वेळी मात्र एका मजल्यावरून एक माणूस अशी मिश्र गस्त नव्हती. गस्ती दोन होत्या, गल्लीच्या दोन टोकांना. आणि अफवांमधला फकीर आणि अघोरी तेच होते, फक्त आता ते एकेकटे येत नव्हते, ट्रक भरून येणार होते. दुधात विष होतं, पाण्यात विष होतं. ज्यांनी मला पोहे वाढले होते त्या मित्राच्या आईनं तेव्हा आम्हाला दोन रात्री त्यांच्या घरात ठेवून घेतलं, हेही सांगितलं पाहिजे. तिचा फकिरावरचा विश्वास काही कमी झालेला नव्हता. पण आम्ही तिच्या लेखी फकीर नव्हतो.

मामू आता गावी असतो. वय झालं आहे, ऐकू कमी येतं. परवा ईदला गेलो तेव्हा पडवीत बसून मी त्याला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्याला ठाऊक नसेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, त्याला ठाऊक आहे तो म्हातारा. मार बसल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी हॉटेलाच्या मागच्या दाराशी आला होता, एक हात गळ्यात बांधलेला. रात्रीचं उरलेलं मामू त्याला द्यायचा, पाव आणि पातळ भाजी. तिथं मडगावकडचा की कारवारकडचा एक भांडी घासणारा पोरगा होता, त्याला म्हाताऱ्याची भाषा थोडी समजायची. पावसाळ्यापर्यंत येत होता, मग यायचा बंद झाला.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

मामूनं कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "सांगितलं होतं रे त्यानं. त्या पोरानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सांगितलं. आता काही केल्या आठवत नाही."